आईला किडनीचा आजार आहे. आम्ही घरच्यांनी नेमकं कसं वागावं?

शेवंती | १० जून, रात्री ९:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहितेय पहिल्यांदाच.

माझी आई ६६ वर्षांची आहे. मधुमेह २२ वर्षांपासूनचा, रक्तदाब त्याच्या मागोमाग आलेला. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिची शुगर एकदम छान यायला लागली, इन्सुलिनचे युनिट कमी करावे लागले. आम्ही सगळे खूश. मावशी तर पेढे घेऊन आली. मार्चमध्ये पायांवर सूज आली म्हणून तपासण्या केल्या, तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ४.२ आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, फक्त ११. किडनी काम करेनाशी झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकून राहतं आणि म्हणून शुगर उतरते, हे नेफ्रोलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) तेव्हा समजावलं. ते पेढे आठवले की अजून पोटात तुटतं.

डायलिसिस अजून सुरू नाही, पण पुढे मशीनला जोडता यावं म्हणून 'हात तयार करून ठेवा' असं सांगितलंय.

आई साताऱ्याला भावाकडे असते. मी पुण्यात, दर शनिवारी जाते. घरात बाबा, भाऊ, वहिनी आणि सात वर्षांचा भाचा. सगळे जीव टाकतात तिच्यावर. फ्रिजवर तक्ता लावलाय, लोणच्याची बरणी भावानं वरच्या फळीवर ठेवलीय, वहिनी तिची भाजी वेगळी करते. पण गेल्या शनिवारी पाहुणे आलेले असताना आईनं चहाचा कप उचलला आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझं आजचं पाणी झालंय." तिनं कप खाली ठेवला आणि आत गेली. तेव्हापासून ती फार बोलत नाही, जेवतेही अर्धवट. मला एवढंच म्हणाली, "मला काय हवंय ते कुणी विचारत नाही गं, सांगतातच."

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना विचारतेय. किती लक्ष ठेवायचं आणि किती सोडायचं?

---

सह्यकडा | १० जून, रात्री १०:०५

ताई, आईंना लवकर बरं वाटो. वाचतोय.

---

इंद्रायणी | १० जून, रात्री १०:५२

शेवंती, मी स्पष्टच लिहिते. माझ्या मिस्टरांचं डायलिसिस सहा वर्षं चालू आहे आणि मी लक्ष ठेवते म्हणून ते आहेत.

पहिल्या वर्षी मीही म्हटलं, जाऊ दे, माणसाला किती बांधायचं. पुतणीच्या लग्नात पंगतीला मठ्ठा, लोणचं, पापड, वर आइस्क्रीम. रात्री दोन वाजता उठून बसले, आडवं होता येईना, श्वास लागला. छातीत पाणी भरलं होतं. मांडवातून थेट अतिदक्षता विभागात. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. त्या रात्रीनंतर मी ठरवलं की त्यांना राग आला तर येऊ दे.

रुसवा काढता येतो. माणूस गेला की संपलं.

---

जास्वंद | १० जून, रात्री ११:१५

इंद्रायणीताईंना अनुमोदन. एक महत्त्वाचं लिहून ठेवते. आजारी माणसाकडे जाताना शहाळं न्यायची आपल्याकडे पद्धत. माझ्या सासऱ्यांना शेजाऱ्यांनी प्रेमानं रोज एक शहाळं आणून दिलं, आठवडाभर. पोटॅशियम ६.४ झालं, हृदयाचे ठोके बिघडले. शेजाऱ्यांचा दोष नाही, त्यांना आम्हीच सांगितलं नव्हतं. आता येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगतो: शहाळं, केळी, मोसंबी नको, गप्पा मारायला या.

आणि एक, कमरख (स्टारफ्रूट). काही घरांच्या परसात झाड असतं. किडनीच्या रुग्णाला ते फळ अक्षरशः विषारी आहे, त्यातलं द्रव्य मेंदूवर परिणाम करतं. उचकी लागते, गुंगी येते, झटके येऊ शकतात. एक फोडसुद्धा नको.

---

भटक्या_८८ | ११ जून, सकाळी ७:३०

डायलिसिसला घाई करू नका. एकदा सुरू झालं की सुटत नाही. आमच्या ओळखीत एक वैद्य काढा आणि भस्म देतात, क्रिएटिनिन उतरतं. हवा तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

निशिगंध | ११ जून, सकाळी ८:१०

मी ११ वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. भटक्या, तुम्ही चांगल्या भावनेनं लिहिलंय हे कळतं, पण याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

'सुरू झालं की सुटत नाही' हे वाक्य मी रोज ऐकते. डायलिसिसमुळे किडनी जात नाही, ती आधीच गेलेली असते म्हणून डायलिसिस लागतं. आणि काही भस्मांमध्ये पारा, शिसं असतं. ते बाहेर टाकायचं काम किडनीचं, तीच दमलेली. आमच्याकडे असे चार-सहा महिने काढ्यावर काढलेले रुग्ण शेवटी धापा टाकत येतात. मग फिस्टुलाला (हातातल्या जोडणीला, खाली सांगते) वेळच उरत नाही, मानेत नळी घालावी लागते, तिच्यातून जंतुसंसर्ग होतो. कुठलंही औषध घ्यायचं असेल तर नेफ्रोलॉजिस्टना पुडी दाखवून घ्या. गुडघे दुखले म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळीही त्यातच आली, किडनीला ती फार वाईट.

शेवंती, डॉक्टरांनी हात तयार करायला सांगितलंय ते आत्ताच करा. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. शीर फुगून जाड व्हायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात, कधी जास्त. ज्या हाताला करणार त्या हाताचं रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन नाही, नंतर बीपीही त्या हातावर मोजायचं नाही. प्रयोगशाळेतला माणूस सवयीनं तोच हात ओढतो, तेव्हा बोलायचं काम सोबतच्यानं करायचं. इथे पोलीस व्हा, बिनधास्त.

हिपॅटायटिस बीची लस सुरू केलीत का? किडनीच्या रुग्णांना दुप्पट मात्रेत देतात. डायलिसिसच्या आधी झाली तर शरीर जास्त चांगला प्रतिसाद देतं.

आणि पाण्याचं माप सगळ्यांना सारखं नसतं. ज्यांना लघवी नीट होते आणि सूज नाही त्यांना उगाच तहानलेलं ठेवायचं कारण नाही. आईंना नेमकं किती सांगितलंय ते डॉक्टरांना परत विचारा. विचारताना आईंनाच विचारू द्या.

---

भटक्या_८८ | ११ जून, सकाळी ८:४५

पारा-शिशाचं मला खरंच माहीत नव्हतं. ज्यांना पत्ता दिला होता त्यांना आजच फोन करतो.

---

सुगरण_७१ | ११ जून, दुपारी १:२०

स्वयंपाकाचं मी सांगते, दिरांसाठी पाच वर्षं केलंय.

भाजी साल काढून बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणीला टाकायची. नुसती भिजवून पोटॅशियम फारसं जात नाही, उकळून जातं. कुकरमध्ये शिजवून तेच पाणी आमटीत घातलं तर केलेलं सगळं वाया. पालेभाज्यांनाही हेच.

मीठ कमी केलं की तहान आपोआप कमी लागते, हे आम्हाला उशिरा उमगलं. आधी आम्ही पाणी मोजायचो आणि मेतकूट, फरसाण, पाव चालू होतं! चव आणायला लिंबाचे चार थेंब, आलं, जिरं, लसूण, थोडं ओलं खोबरं, कोथिंबीर. आणि 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं ते मुळीच आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. सैंधवानंही काही साधत नाही, तेही मीठच.

वहिनींना एक सांगा. वेगळी भाजी करू नका. सगळ्यांचीच कमी मिठाची करा आणि बाकीच्यांनी ताटात वरून मीठ घ्या. दीर एकदा म्हणाले होते, "माझी वेगळी वाटी आली की मी या घरचा नाही असं वाटतं." त्या दिवसापासून आमच्याकडे एकच पातेलं.

---

सह्यकडा | ११ जून, दुपारी २:००

एकच पातेलं, हे लिहून ठेवलं. बाय द वे, उकळलेल्या बटाट्याचा वडा चालतो का? मित्राच्या वतीनं विचारतोय, त्याच्या वडिलांचा जीव त्यात अडकलाय.

---

सुगरण_७१ | ११ जून, दुपारी २:२५

@सह्यकडा, बटाटे सोलून, बारीक फोडी करून उकळायचे, पाणी टाकायचं, मीठ बेतानं. मग महिन्यातून एखादा छोटा वडा, आणि तोही त्यांच्या रक्ताचा ताजा अहवाल बघून डॉक्टर हो म्हणाले तर. आणि खाताना त्यांना कुणी हिशेब सांगू नका, सुखानं खाऊ द्या.

---

नगरी_नाना | ११ जून, सायंकाळी ६:३०

लेकींनो, मी ज्याच्याबद्दल तुम्ही सगळे बोलताय तो माणूस. वय ६१. नऊ वर्षं मशीनवर, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. थोडं थोडं टायपून हे लिहिलंय, उशीर झाला असेल तर समजून घ्या. (पहिली ओळ काल रात्रीच लिहिली होती.)

पहिल्यांदा तहानेबद्दल. तुम्हाला लागते ती तहान वेगळी. उन्हातून आल्यावर तांब्या तोंडाला लावला की ती भागते. आमची भागत नाही. जिभेला लोखंडाची चव असते, तोंड कोरडं, आणि समोर कुणीतरी गटागटा पितो. मी मोजकंच पितो, पण प्रत्येक घोट कुणीतरी बघतंय हे कळलं की तहान दुप्पट होते. आमच्या सौ. तीन वर्षं माझा पेला धरून होत्या. भांडणं झाली. मी चोरून पाणी प्यायलो आहे, मोरीत जाऊन, नळाला ओंजळ लावून. ५४ वर्षांचा बाप्या. ते आठवलं की आजही डोळे भरतात.

मग आमच्या सूनबाईंनी एक केलं. खोलीत वजनकाटा आणून ठेवला आणि एक वही. म्हणाल्या, "नाना, तुमचं कोरडं वजन, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं, ५८ किलो. रोज सकाळी तुम्हीच बघा, तुम्हीच लिहा. आम्ही वही बघणार नाही, तुम्ही दाखवलीत तर बघू." सकाळी बाटलीत माझं दिवसाचं पाणी मीच भरून घेतो, चहा, आमटी, औषधाचं पाणी त्यातूनच वजा. माप तेच राहिलं, डॉक्टरांनी दिलेलं: आदल्या दिवशीच्या लघवीएवढं, वर अर्धा लिटर. फरक एवढाच झाला की ते माझं माप झालं. दोन डायलिसिसच्या मध्ये माझं वजन आधी साडेतीन-चार किलो वाढायचं, आता दोनच्या आत असतं. तोंडात लवंग नाहीतर वेलदोडा धरतो, नुसत्या चुळा भरतो, छोट्या वाटीतून पितो.

इंद्रायणीताई, तुमची भीती खरी आहे. आमच्या सौ. पण त्याच भीतीनं वागत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी कधी 'मला भीती वाटते' म्हटलंच नाही, 'पिऊ नका'च म्हटलं.

दुसरं, डायलिसिसच्या दिवशी घरी आल्यावर पिळून काढलेल्या कपड्यासारखं होतं. पायात गोळे येतात, बीपी पडतं. त्या दिवशी मला काही विचारू नका, पंखा लावा आणि झोपू द्या. दुसऱ्या दिवशी मात्र मला काम द्या. मी लाइटबिलं भरतो, भाजी निवडतो, नातीचं गणित घेतो. 'तुम्ही बसा' हे तीन वर्षं ऐकून मी खरोखर बसून गेलो होतो.

तिसरं, डॉक्टरांकडे गेलं की माझ्याबद्दल माझ्या डोक्यावरून बोलू नका. आजार किडनीचा आहे, कान चांगले आहेत.

---

मेलबर्नकर | ११ जून, रात्री ८:१०

नाना, दोनदा वाचलं. दंडवत.

माझे बाबा नाशिकला, डायलिसिस मंगळ-गुरू-शनी सकाळी सात ते अकरा. मी इथे बसून काही करू शकत नाही या विचारानं पहिलं वर्ष नुसतं कुढण्यात गेलं. पैसे पाठवायचे आणि ताईला सूचना द्यायच्या. ताई एकदा फोनवर रडली. म्हणाली, "तू सूचना देऊ नकोस, बाबांशी बोल, तेवढी माझी पाठ मोकळी होईल."

इथे साडेअकराला मला कामातून उसंत मिळते, तेव्हा बाबा मशीनला लागलेले असतात. मी त्यांना पेपर वाचून दाखवतो. आधी अग्रलेख, मग क्रिकेट, मग छोट्या जाहिराती. आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे दोन काका पण ऐकतात, बाबा फोन स्पीकरवर टाकतात. मधल्या काकांना बाजारभाव हवे असतात, कांद्याचे. आता मी लासलगावचे भाव आधीच काढून ठेवतो.

औषधांचा साठा, तपासण्यांच्या तारखा, विम्याचे कागद हे पण माझ्याकडे. लांबून होतं ते सगळं लांबच्यानं करावं.

---

पाऊलवाट | ११ जून, रात्री ९:३०

मेलबर्नकर, तुमच्या ताईच्या बाजूनं मला लिहायचंय, कारण मी तशीच कुणाची तरी ताई आहे. आणि सून पण.

शेवंती, तुमच्या वहिनी कशा आहेत? धाग्यात त्या फक्त भाजी वेगळी करताना दिसल्या. तीन वेळचा स्वयंपाक, मुलाची शाळा, औषधं, त्यात दर शनिवारी नणंद येऊन विचारणार, "आई कमी का जेवतेय?" तुम्ही तसं विचारत असाल असं म्हणत नाही. पण मला विचारलं गेलंय. सासूबाईंचं चार वर्षं मी केलं, प्रेमानं केलं, आणि माझा स्वतःचा बीपी १६०च्या वर गेला तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी जाता ना, तर सकाळी घर ताब्यात घ्या आणि वहिनींना बाहेर पाठवा. सिनेमा, माहेर, नुसती झोप, काहीही. भावानं आठवड्यातले दोन दिवस स्वयंपाक करावा. पुरुषांना उकळून पाणी टाकता येतं, त्यात काही अवघड नाही.

---

शेवंती | ११ जून, रात्री १०:२०

पाऊलवाट, वाचून गप्पच झाले. गेल्या शनिवारी मी अगदी हेच वाक्य बोलले होते. "आई कमी का जेवतेय गं?" आत्ता वहिनीला फोन केला. ती अर्धा तास बोलली, मी ऐकलं.

नानाकाका, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवू का?

---

नगरी_नाना | ११ जून, रात्री १०:४०

दाखवा की. मोरीचा भाग पण.

---

टिपणवही | १२ जून, सकाळी ११:००

व्यवहाराचं कुणी लिहिलं नाही म्हणून. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपण दोन्ही येतं, योजनेतल्या रुग्णालयातच जावं लागतं. तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सोय झाली आहे. रेल्वेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि एका सोबत्याला स्लीपरच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, डॉक्टरांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आयकरात जुनी पद्धत निवडली असेल तर उपचारांच्या खर्चाची वजावट मिळते (१९६१च्या कायद्यात कलम ८०डीडीबी), रुग्ण ६० वर्षांवरचा असेल तर एक लाखापर्यंत. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

---

दर्यावर्दी | १२ जून, दुपारी ३:४५

मशीनशिवाय दुसराही रस्ता असतो हे सांगायला आलो. आमचं घर कोकणात, आडगावात. डायलिसिसचं सेंटर दीड तासावर, आणि पावसात रस्ता कधी बंद होईल नेम नाही. म्हणून वडलांचं पोटाचं डायलिसिस करतो, घरीच. पोटात कायमची नळी बसवलेली, दिवसातून चार वेळा दोन-दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तासांनी काढायचा. आईनं शिकून घेतलं, मीही. वडील आता स्वतः करतात आणि मधल्या वेळात बागेत फिरतात.

सोपं आहे असं म्हणणार नाही. माजघराशेजारची खोली रिकामी केली, चुना काढला, कोंबडी-मांजर बंद. हात धुण्यात हयगय झाली की पोटात जंतू जातात. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला की थेट डॉक्टर, सकाळपर्यंत थांबायचं नाही. द्रवात साखर असते, त्यामुळे मधुमेह्यांची शुगर वाढते, शेवंतीताईंनी हे डॉक्टरांना विचारावं. पण गेल्या जुलैमध्ये नदीला पूर आला तेव्हा वडील घरात होते, सुरक्षित. गावोगावी लोकांना हा पर्याय आहे हे माहीतच नसतं, त्याचं फार वाईट वाटतं.

---

जास्वंद | १२ जून, सायंकाळी ५:१०

प्रत्यारोपणाबद्दल कुणी लिहील का? आमच्याकडे दिराला किडनी द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या नजरा जाऊबाईंकडे वळल्या. सख्खे भाऊ दोन होते. कुणी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

---

टिपणवही | १२ जून, रात्री ८:३०

@जास्वंद, हे घरोघरी होतं. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत.

१९९४च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आणि २०११च्या दुरुस्तीनंतर जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. सून, जावई, वहिनी यांना द्यायची असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. २०१४च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यायची, तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळायची. म्हणजे डॉक्टरांशी एकटीनं बोलण्याचा तिला हक्क आहे, आणि 'नाही' म्हणायचाही. घरातल्या मोठ्यांनी आधीच सांगून टाकावं की कुणी नाही म्हटलं तर या घरात तो विषय परत निघणार नाही.

रक्तगट जुळत नसला तरी दार बंद होत नाही. दोन कुटुंबांत अदलाबदल करून प्रत्यारोपण होतं. आणि मेंदूमृत दात्याकडून मिळण्यासाठी रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात नाव नोंदवता येतं. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती केंद्रं आहेत.

---

निशिगंध | १२ जून, रात्री ९:१५

त्यात भर: प्रत्यारोपणाचा विचार असेल तर हिमोग्लोबिन कमी झालं म्हणून लगेच रक्त चढवू नका, डॉक्टरांशी बोला. चढवलेल्या रक्तामुळे पुढे किडनी जुळणं अवघड होऊ शकतं. हिमोग्लोबिन वाढवायला लोह आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं असतात.

आणि सुगरणताई, तुमचं डाळीबद्दल राहिलं. डायलिसिसच्या आधी प्रथिनं बेतानं खायला सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर उलटं होतं, प्रथिनं जास्त लागतात कारण मशीनमधून ती थोडी जातात. पण घरात जुना तक्ताच चालू राहतो, बिचारा माणूस वरणाच्या पाण्यावर, स्नायू झडून जातात. फ्रिजवरचा तक्ता दर तीन महिन्यांनी आहारतज्ज्ञांकडून बदलून घ्या. अंड्याचा पांढरा भाग चांगला, खात असतील तर.

---

रातराणी_५ | १३ जून, रात्री १२:०५

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

माझी आजी ८४ची होती. तिनं डायलिसिस नको म्हटलं. काकांना वाटलं आम्ही तिला सोडून देतोय, घरात अबोला झाला. डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवलं आणि आजीला विचारलं. ती म्हणाली, "मला माझ्या ओसरीवर राहायचंय, आठवड्यातनं तीनदा गाडीत नाही बसायचं."

उपचार बंद झाले नाहीत. खाजेला, मळमळीला, धापेला औषधं होती, सूज उतरायची गोळी होती. काही महिने ती खरंच ओसरीवर बसली. शेवटी झोप वाढत गेली. काका तिच्या उशाशी होते.

शेवंतीताईंच्या आईची गोष्ट वेगळी आहे, त्या ६६च्याच आहेत, त्यांना खूप वर्षं मिळोत. पण कुणाच्या घरी हा प्रश्न असेल तर त्या माणसाला विचारा, आणि तो शुद्धीत, नीट बोलत असताना विचारा.

---

इंद्रायणी | १३ जून, सकाळी ६:५०

काल रात्री मिस्टरांना नानांचं लिहिणं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी पण प्यायलोय चोरून." मग मी पहिल्यांदा त्यांना त्या लग्नाच्या रात्रीबद्दल सांगितलं, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी काय काय ठरवत बसले होते ते. सहा वर्षांत सांगितलं नव्हतं.

लक्ष ठेवणं मी सोडणार नाही, नाना. पण वजनकाटा मागवलाय.

---

शेवंती | ९ जुलै, रात्री ९:००

महिनाभर आले नाही. सगळ्यांना सांगायचं राहून गेलं.

१८ जूनला आईचा फिस्टुला झाला, डाव्या हाताला. त्या हातात बांगडी, घड्याळ काही नको म्हटल्यावर आई फार हिरमुसली होती. डाव्या हातात तिच्या लग्नापासून पाटली आहे, ती कधी निघालीच नव्हती. सोनाराकडे जाऊन साबण लावून काढावी लागली. वहिनी म्हणाली, "आई, दोन्ही हातांच्या बांगड्या उजव्या हातात घाला." आता उजव्या हातात दुप्पट हिरव्या बांगड्या आहेत, भाकरी थापताना सगळ्या घराला ऐकू येतं. हो, भाकरी परत थापायला लागली आहे, बांगड्यांच्याच हातानं.

डॉक्टरांकडे तिनंच प्रश्न विचारले. कागदावर लिहून नेले होते, सात. पाण्याचं माप आम्ही समजत होतो त्यापेक्षा जास्त निघालं! बाबांनी घरी आल्यावर तिला स्वतःहून चहा करून दिला. ते दोघंही काही बोलले नाहीत, पण बाबा चहा कधीच करत नाहीत.

तिचा सातवा प्रश्न आषाढीच्या उपासाचा होता. साबुदाण्याच्या खिचडीतले शेंगदाणे आणि बटाटा, रताळं, राजगिरा सगळं वर्ज्य, मग उपास सोडायचा का? ठरलं ते असं: गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा पाळून थोडी भगर, तूप-जिऱ्याची. अख्ख्या घरानं तेच खाल्लं. एकच पातेलं, सुगरणताई.

---

सुगरण_७१ | ९ जुलै, रात्री ९:२०

आज माझा दिवस सोन्याचा झाला.

---

निशिगंध | ९ जुलै, रात्री ९:४५

फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का ते रोज बघताय ना? थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, वेळ गेला तर शीर बंद पडते. आणि चेंडू दाबायचा व्यायाम सांगितला असेल.

---

शेवंती | ९ जुलै, रात्री १०:१०

चेंडू भाच्याचा घेतलाय, तो रोज वीस वेळा मोजून दाबवून घेतो. थरथर बघायचं कामही त्यानं स्वतःकडे घेतलंय. शाळेत जायच्या आधी दप्तर पाठीवर घेऊन आजीच्या मनगटावर कान लावतो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतो, "गिरणी चालू आहे!"